वाघीण क्रमांक ४१७

चर्चचं तळघर. खोकणारा हीटर.
बाहेर पेन्सिल्व्हेनियाचा फेब्रुवारी गुडघाभर,
आत प्लायवूडच्या चार टेबलांवर
मावलेली अख्खी दरी:
वाळल्या शेवाळाची झाडं, आरशाच्या काचेची नदी,
स्टेशनवर नखाएवढी माणसं,
चाळीस वर्षं त्याच गाडीची वाट बघणारी.

ऑर्फा क्रेसगी, वय एकोणनव्वद.
तिला पुढची खुर्ची दिली
आणि डेलमर यॉस्टनं दोन्ही हातांनी
तिच्या तळहातावर ठेवली
वीतभरही नसलेली वाघीण.
तांबडी. कुशीवर सोनेरी अक्षरं:
केम्पर्स बर्च. गारच प्या.
त्याखाली, चष्मा लागेल इतकं बारीक:
शतकपूर्तीनिमित्त, फक्त दीडशे नग.

नावाची वाघीण. दात नाहीत,
पोटात काही नाही,
दार नुसतं रंगवलेलं.

तिनं ती ट्यूबलाइटसमोर धरली.
लोक हसले, त्यांना वाटलं म्हातारीला दिसत नाही.
पण अठरा वर्षं तिनं हेच केलं होतं,
दिव्यासमोरून सरकणाऱ्या बाटल्या,
मिनिटाला साठ,
काचेत केस, काडी, माशी,
एकदा तर कुणाची लग्नाची अंगठी,
जी शोधत शेवटपर्यंत कुणी आलं नाही.

मग म्हणाली,
केम्परची रेल्वेची वाघीण कधी नव्हतीच.

हीटरसुद्धा थांबला क्षणभर.

दोन ट्रक होते. एक हार्लन चालवायचा,
दुसरा कायम उताणा पडलेला.
रूळ होते मागच्या भिंतीला लागून,
पण त्यांवरून जायचा कोळसा.
तो जाताना शेल्फावरच्या बाटल्या
एकमेकींना लागून किणकिणायच्या,
एवढाच आमचा आणि रेल्वेचा संबंध.
आणि रंग हा नव्हे.
पावसात भिजलेल्या रॉबिनची छाती
पाहिली आहेस का कधी? तसा होता.

डेलमरचे कान मात्र आता
बरोबर त्याच रंगाचे झाले.
दोन वर्षं त्यानं फोटो धुंडाळले होते,
एकही मिळाला नाही, तेव्हा
वाघीण मनानंच जन्माला घातली.
आवंढा गिळून म्हणाला,
आकडा तरी खरा आहे, मिसेस क्रेसगी.
चारशे सतरा. आमच्या घरी क्रेट होता लाकडी,
त्यावर ठोकलेला होता.
बाबांनी आणला होता कुठूनतरी.
अजून आहे. रंगाच्या बाटल्या ठेवतो त्यात.

कुठूनतरी,
ऑर्फा म्हणाली, आणि हसायला लागली,
खोकला येईपर्यंत, डोळे पुसेपर्यंत.
त्या एका क्रेटपायी हार्लनच्या पगारातून
दीड डॉलर कापला होता, ईस्टरच्या आठवड्यात.
तीन दिवस तो शोधत होता
प्रत्येक दुकानाच्या मागच्या दारी.
तुझ्या वडिलांनाही विचारलं होतं त्यानं.
त्यांनीच त्याला कॉफी पाजली म्हणे.

कुणाला कळेना हसावं की नाही.
डेलमरनं पाकीट काढलं,
एक नोट, दोन नाणी.
तिनं ती मोजून घेतली,
नाण्यांची दुसरी बाजूही पाहिली,
आणि पर्समध्ये टाकली, गोळ्यांच्या डबीशेजारी.

मग गाडी सोडली.
इंजिनामागे तांबडी वाघीण,
आरशाच्या नदीवरून, शेवाळाच्या जंगलातून,
जिथे ती कधीच नव्हती तिथून
तीनदा गेली.
नखाएवढ्या माणसांतलं कुणी हललं नाही.
केम्परची चव कशी होती
हे कुणी विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तर
ऑर्फाला आठवतं फक्त बुचाच्या आतलं कॉर्क,
दातांनी सोलून काढलेलं, किंचित गोड.

रात्री घरी, स्वयंपाकघरात,
कोट न काढताच
तिनं वाघीण पुन्हा दिव्यासमोर धरली.
आरपार काही दिसेना.
अशी बाटली ती लगेच बाजूला काढायची.
ही तिनं
अंगठ्यानं
पुढे सरकवली.